पडद्यामागच्या आवाजाचे नाव काय?

आमच्या घरी चित्रपट पाहायचा म्हटले की आधी पंचायत बसते. अब्बांना जुने काहीतरी हवे असते, मुलांना नवे, आणि दादीची अट एकच: जे लावाल ते सगळ्यांना एकत्र बसून पाहता आले पाहिजे, मध्येच रिमोट शोधायची वेळ येता कामा नये. चित्रपट पाहावा की पाहू नये, याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका रविवारी कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पुतणीने एक इंग्रजी चित्रपट लावला, आणि तो संपल्यावर दादीने जो प्रश्न विचारला, तो आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

चित्रपटाचे नाव 'सिंगिंग इन द रेन'. अमेरिकेत १९५२ साली आलेला. भर पावसात छत्री मिटून, डबक्यांत पाय आपटत नाचणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो याच चित्रपटातला. मुले खालची अक्षरे वाचून दादीला गोष्ट सांगत होती. मधला एक लांबलचक नाच लागला तेव्हा दादी चहा टाकायला उठली, आणि बरोबर पुढच्या प्रसंगाला कप घेऊन परत आली.

गोष्ट साधी आहे. साल १९२७. मुके चित्रपट जाऊन बोलपट येत आहेत. लीना लॅमॉंट ही मूकपटांची मोठी नायिका. दिसायला देखणी, पण आवाज असा की पहिल्याच वाक्याला प्रेक्षक हसू लागतात. मग स्टुडिओवाले एक युक्ती काढतात. कॅथी सेल्डन नावाच्या गरीब, होतकरू मुलीला पडद्यामागे उभे करतात. ओठ लीनाचे, आवाज कॅथीचा. चित्रपट गाजतो. लीनाला चटक लागते. ती म्हणते, ही मुलगी यापुढेही माझ्यासाठीच गाईल, आणि तिचे नाव कुठेही येणार नाही. शेवटी भरल्या थिएटरात लीना मंचावर उभी राहून ओठ हलवत असते, मागे कॅथी गात असते, आणि नायक, त्याचा मित्र आणि स्टुडिओचा मालक असे तिघे मिळून दोर ओढतात. पडदा वर जातो. लोकांना खरा आवाज कुणाचा ते दिसते. लाजून पळणाऱ्या कॅथीला नायक थांबवतो आणि सगळ्यांना सांगतो की आज तुम्ही जिचा आवाज ऐकलात ती ही मुलगी.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दादीने चष्मा पुसला आणि विचारले, "ते ठीक आहे. पण ही जी पडद्यामागे गाते ती तरी स्वतःच गाते का?"

सगळे हसले. पुतणीने मोबाइलवर शोधले आणि तिचे हसू थांबले. दादीचा प्रश्न बरोबर होता.

गाणी आधी, गोष्ट नंतर

त्या काळी अमेरिकेतल्या हॉलिवूडमध्ये चित्रपट कारखान्यासारखे तयार होत. एमजीएम हा त्यातला सर्वांत ऐटदार कारखाना. नट, लेखक, संगीतकार, सुतार, शिंपी, रंगारी असे सगळे महिन्याच्या पगारावर किंवा कराराने बांधलेले. स्टुडिओच्या आवारात खोटी गावे, खोटे रस्ते, खोटी स्टेशने उभी असत. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत एमजीएमचे हे संस्थान पसरलेले होते.

तिथे संगीतपटांचा विभाग सांभाळणारे निर्माते आर्थर फ्रीड हे आधी गीतकार होते. नॅसिओ हर्ब ब्राउन या संगीतकाराबरोबर त्यांनी बोलपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळात खूप गाणी केली होती. 'सिंगिंग इन द रेन' हे गाणेसुद्धा १९२९ च्या एका चित्रपटात येऊन गेले होते. फ्रीड यांनी बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला न्यूयॉर्कहून बोलावले आणि सांगितले की ही आमची जुनी गाणी, यांच्याभोवती एक गोष्ट गुंफा.

म्हणजे बटणे आधी, सदरा नंतर. लेखक पेचात पडले. मग त्यांच्या ध्यानात आले की ही गाणी ज्या काळातली आहेत त्याच काळात गोष्ट घडवली तर ती तिथे शोभतील. आणि त्या काळातली सर्वांत मोठी उलथापालथ कोणती? पडद्याला वाचा फुटली ती! ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांचे राज्य संपले. त्या वादळात कितीतरी नटनट्यांचे संसार विस्कटले. लेखकांना गोष्ट सापडली.

स्टुडिओत त्या दिवसांचे साक्षीदार अजून नोकरीत होते. कपडे करणारे वॉल्टर प्लंकेट तेव्हाही कपडेच करत होते. अशा लोकांच्या आठवणींतून विनोद आले. चित्रपटात मायक्रोफोन झुडपात लपवलेला असतो आणि नायिका बोलताना मान वळवते, की आवाज गायब. मग तो तिच्या कपड्यांत शिवतात, तर बोलण्याऐवजी काळजाची धडधड ऐकू येते. मोत्यांच्या माळेला बोट लागले की थिएटरात दगड कोसळल्यासारखा आवाज होतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यासाठी तो रोजच्या कामाचा भाग होता.

इकडे मुंबईत

हे फक्त तिकडचे नव्हते. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशिर इराणींचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांची धडधड मायक्रोफोन टिपून घेई, म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या सुमारास चित्रीकरण चाले. मायक्रोफोन नटांच्या जवळपास कुठेतरी लपवून ठेवत. त्यात फकिराची भूमिका करणाऱ्या वझीर मोहंमद खान यांनी गायलेले गाणे हे हिंदुस्थानी पडद्यावरचे पहिले गाणे. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही.

आणि लीना लॅमॉंटची अडचण? तीही आपल्याकडे होती. 'आलम आरा'चे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांचे लाडके मराठी नट. पण उर्दू जिभेवर बसेना. त्यामुळे त्यांचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवले गेले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. नायिका जुबैदा यांच्या मातोश्री फातमा बेगम तर १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करून देशातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक ठरल्या होत्या. दुसरीकडे, मूकपटांची सम्राज्ञी म्हटल्या गेलेल्या सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, यांचेही हिंदुस्थानी कच्चे होते. त्यांनी मात्र पडद्यामागे दुसऱ्या कुणाला उभे केले नाही. सुमारे वर्षभर बाजूला राहून भाषा शिकल्या आणि १९३२ साली 'माधुरी' घेऊन परतल्या. लीनाला हा मार्ग सुचला असता तर गोष्टच घडली नसती.

पाऊस, ताप आणि लोकरीचा सूट

'सिंगिंग इन द रेन'चे चित्रीकरण १९५१ च्या जून ते नोव्हेंबर या काळात झाले. नायक जीन केली आणि तेव्हा विशीत असलेले स्टॅन्ली डोनन या दोघांनी मिळून दिग्दर्शन केले. केली नाचही बसवत, आणि पडद्यावरचा तो पावसातला माणूसही तेच.

तो पाऊस खोटा होता हे सांगायला नको. स्टुडिओच्या आवारातल्या बनावट रस्त्यावर नळ्या जोडून तो पाडला. रात्र हवी होती, पण काम दिवसा करायचे होते, म्हणून काळ्या ताडपत्रीने वरून रस्ता झाकला. नाचाच्या पावलांना हवी तिथे डबकी साचावीत म्हणून फरशीत मुद्दाम खळगे केले. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले होते, अशी एक कहाणी अजून फिरते. ती खरी नाही. पावसाच्या धारा समोरून उजेड टाकला तर कॅमेऱ्याला दिसत नाहीत. छायाचित्रकार हॅरॉल्ड रॉसन यांनी दिवे धारांच्या मागच्या बाजूने लावले, तेव्हा प्रत्येक धार चमकून उठली. मात्र मागून इतका उजेड सोडला की दुकानांच्या काचांत दिवे दिसू लागतात. ते टाळत टाळत हे काम करावे लागले.

संध्याकाळ झाली की नळाचा जोर कमी होई, कारण कल्व्हर सिटीतले लोक कामावरून घरी येऊन बागेला पाणी घालत, अशीही एक आठवण सांगतात. नळाच्या वेळा सांभाळणाऱ्या आपल्या गृहिणींना हे चांगले कळेल. पाण्यापुढे एमजीएमचाही इलाज नव्हता.

त्या दिवसांत केली यांच्या अंगात १०३ अंश ताप होता. लोकरीचा सूट भिजून आटत होता. तरी चेहऱ्यावर आनंद असा, की जणू या माणसाला जगात एकही दुखणे नाही. केली शिस्तीचे कडक होते, दुसऱ्यांना सोलून काढत, हे सगळेच सांगतात. पण आधी ते स्वतःला सोलून काढत, हेही तेवढेच खरे.

नायकाच्या मित्राची भूमिका डोनाल्ड ओकॉनर यांनी केली. भिंतीवर धावत जाऊन उलटी कोलांटी मारण्याचे त्यांचे विनोदी गाणे आजही मुले परत परत लावायला सांगतात. ते काम झाल्यावर ते काही दिवस अंथरुणाला खिळले होते. आणि मग कळले की फिल्म खराब झाली आहे. ओकॉनर यांनी पुढे मुलाखतींत सांगितले की ते सगळे पुन्हा करावे लागले, आणि त्यांनी ते केले.

एकोणीस वर्षांची मुलगी

कॅथीची भूमिका करणारी डेबी रेनॉल्ड्स तेव्हा १९ वर्षांची होती. सामान्य घरातली मुलगी. आईवडिलांबरोबर बर्बँक गावात राहणारी. सौंदर्यस्पर्धा जिंकल्यामुळे सिनेमात आलेली. नाच शिकलेली नव्हती, फक्त कसरती येत. पहाटे चारच्या सुमारास उठून तीन बस बदलून ती स्टुडिओत पोहोचे. आणि समोर कोण? जीन केली आणि डोनाल्ड ओकॉनर, म्हणजे लहानपणापासून रंगमंचावर घाम गाळलेले दोन उस्ताद.

तीन महिन्यांत तिला त्यांच्या बरोबरीने नाचायचे होते. केली यांची बोलणी खाऊन ती एकदा एका पियानोखाली रडत बसली होती. तिथून फ्रेड ॲस्टेअर जात होते. नाचात त्यांचे नाव तेव्हा केली यांच्याही आधी घेतले जाई. त्यांनी तिला उठवले आणि आपली तालीम पाहायला नेले. ते सहसा कुणाला तालमीत येऊ देत नसत. इतका मोठा कलावंत, तोही चुकतो, घामाघूम होतो, वैतागतो, पुन्हा उभा राहतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले. शिकणाऱ्या पोराला पुष्कळदा उपदेशापेक्षा हेच पाहण्याची गरज असते.

तिघांच्या 'गुड मॉर्निंग' या नाचाचे काम सकाळी आठला सुरू झाले ते रात्री अकराला संपले. शेवटी तिच्या पायांतून रक्त येत होते आणि तिला उचलून खोलीत न्यावे लागले. हा चित्रपट आणि बाळंतपण ही आयुष्यातली दोन सर्वांत कठीण कामे होती, असे त्या पुढे म्हणत. आमच्या दादीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोरीने हसतमुखाने केले. आम्हाला कळलेसुद्धा नाही."

आम्हाला इथे थोडे थांबावेसे वाटते. पडद्यावरचे ते हसू आपल्याला आवडते. पण त्यामागे पंधरा-पंधरा तास राबणारी एक मुलगी होती. मेहनतीचे कौतुक करावे, तिच्यावर झालेल्या सक्तीचे करू नये. आजकाल टीव्हीवरच्या नाचगाण्याच्या स्पर्धांत लहान मुलांना उभे करणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आवाजाच्या आत आवाज

आता दादीच्या प्रश्नाकडे येऊ.

चित्रपटात कॅथी लीनासाठी एक हळुवार गाणे गाते असे दाखवले आहे. ते गाणे डेबी रेनॉल्ड्सच्या आवाजात नाही. ते बेटी नॉइज नावाच्या गायिकेने गायले. म्हणजे लीनासाठी गाणाऱ्या कॅथीसाठी गाणारी तिसरीच कुणी होती. आणि चित्रपटाच्या नामावलीत बेटी नॉइज हे नाव नाही.

एवढ्यावर संपत नाही. लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचा स्वतःचा आवाज अगदी घरंदाज, भरदार होता. तो कर्कश आवाज त्या अभिनयासाठी काढत. चित्रपटात लीनाचे संवाद कॅथी बोलते असा प्रसंग आहे. तिथे डेबीचा उच्चार पुरेसा नागर वाटेना, म्हणून तो 'कॅथीचा' आवाज दिला कुणी? जीन हेगन यांनीच, आपल्या खऱ्या आवाजात. म्हणजे कॅथी लीनाला आवाज देते असे आपण पाहतो, तेव्हा प्रत्यक्षात लीनाच कॅथीला आवाज देत असते! मुलांना हे समजावून सांगताना आमची स्वतःचीच दोनदा गफलत झाली.

पावलांचेही तेच. नाचातली बुटांची टकटक त्या काळी नंतर वेगळी ध्वनिमुद्रित करत. पाण्यातल्या पावलांचा आवाज केली यांच्या सहायक कॅरल हेनी आणि ग्वेन व्हर्डन यांनी पाण्यात उभे राहून काढला, असे सांगितले जाते. त्यातल्या ग्वेन व्हर्डन पुढे न्यूयॉर्कच्या रंगभूमीच्या मोठ्या तारका झाल्या.

यात कुणाची फसवणूक करण्याचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. ती कारखान्याची रीत होती. पगार मिळे, काम होई, नाव ज्याच्या करारात असेल त्याचेच लागे. बेटी नॉइज यांनी वॉल्ट डिस्नेंच्या 'डंबो' या १९४१ च्या चित्रपटातली अंगाईही गायली होती. ऑस्करसाठी नामांकन मिळालेले ते गाणे. तिथेही नाव नव्हते. कितीतरी देशांतल्या लेकरांना त्या आवाजाने झोपवले, आणि त्या लेकरांच्या आयांना तो आवाज कुणाचा हे ठाऊक नव्हते.

पडद्यामागच्या मुलीला तिचे नाव मिळवून देणारा हा चित्रपट. आणि त्यानेच पडद्यामागच्या एका बाईचे नाव सांगायचे राहू दिले. आम्हाला ही केवळ मौजेची गोष्ट वाटत नाही. अन्याय दिसतो तो नेहमी दुसऱ्याच्या घरात. आपल्या घरात त्याला आपण रीत म्हणतो.

आपल्याकडचा पडदा

हिंदुस्थानी चित्रपटांत एकाने ओठ हलवायचे आणि दुसऱ्याने गायचे ही पद्धत १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये सुरू झाली. तिकडे ते लपवायचे काम होते, इकडे पुढे तो उघड, मानाचा पेशा झाला. पण लगेच नाही.

'महल' हा १९४९ चा चित्रपट. त्यातले लता मंगेशकरांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. लोकांनी रेडिओला पत्रे पाठवून विचारले की ही गाते कोण. तेव्हा कुठे नाव बाहेर आले. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात गाण्याचा आग्रह झाला, तर लताबाईंनी नकार दिला. गायकांसाठी तुमच्याकडे पुरस्कारच नाही, मग गायकाने तिथे का गावे, असा त्यांचा सवाल होता. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला 'मधुमती'तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. कॅथीसाठी दोर ओढायला तिघेजण होते. लताबाईंनी तो स्वतः ओढला.

आणि शमशाद बेगम. आमच्या दादीचा हा हळवा कोपरा. वडिलांनी गाण्याची परवानगी दिली ती दोन अटींवर: गाताना बुरखा असेल, आणि फोटो काढू द्यायचा नाही. त्या मुलीने दोन्ही अटी पाळल्या. १९४० आणि ५० च्या दशकांत ज्यांचा आवाज चहाच्या टपरीपासून लग्नघरापर्यंत घुमत होता, त्यांचा चेहरा लोकांनी पाहिला तो १९७० च्या दशकात. १९९८ साली तर नामसाधर्म्यामुळे त्यांच्या निधनाची खोटी बातमी पसरली, आणि त्या मुंबईत आपल्या लेकीच्या घरी सुखरूप होत्या. २००९ साली त्यांना पद्मभूषण मिळाला. २३ एप्रिल २०१३ रोजी त्या अल्लाला प्यारी झाल्या.

फरक इथे आहे. शमशाद बेगमांनी चेहरा झाकला, पण तबकडीवर नाव त्यांचे होते. पडदा ही त्यांच्या घरची अट होती. नाव पुसणे हा दुसऱ्याचा व्यवहार असतो. या दोन गोष्टी एक नव्हेत. चेहरा न दाखवताही माणसाला त्याच्या कामाचा मान देता येतो. दादीने शमशाद बेगमांचा फोटो पाहिला तो उतारवयात, वर्तमानपत्रात. ती म्हणते, "चेहरा नव्हता पाहिला, पण ओळख होतीच की."

चित्रपटाचे पुढे काय झाले

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये २७ मार्च १९५२ रोजी 'सिंगिंग इन द रेन'चा पहिला खेळ झाला. सुमारे २५ लाख डॉलर खर्च झाला होता. चित्रपट चांगला चालला, पण त्याला कुणी अजरामर वगैरे म्हटले नाही. त्याच महिन्यात केली यांच्याच आधीच्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'ला ऑस्कर मिळाले होते. सगळा गाजावाजा त्याचा. 'सिंगिंग इन द रेन'ला दोनच नामांकने मिळाली, एक संगीतासाठी आणि एक जीन हेगन यांना, आणि दोन्ही हुकली. ओकॉनर यांना गोल्डन ग्लोब मात्र मिळाला.

मान हळूहळू आला. १९८९ साली अमेरिकेने आपला ठेवा म्हणून जतन करायला पहिले २५ चित्रपट निवडले, त्यात हा होता. २००६ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने संगीतपटांच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने २०२२ साली जगभरच्या समीक्षकांना विचारून यादी केली, त्यातही तो दहावा आहे. ज्या वर्षी आला त्या वर्षी ज्याला कुणी अजरामर म्हटले नाही, तो सत्तर वर्षांनी पहिल्या दहांत.

कारखाना मात्र राहिला नाही. १९७० साली एमजीएमने आपले कपडे, सामान लिलावात काढले. बोली लावणाऱ्यांत डेबी रेनॉल्ड्सही होत्या. जुने पोशाख कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून ते विकत घेतले आणि वर्षानुवर्षे सांभाळले. ज्या स्टुडिओने तिला रडवले होते, त्याच्या आठवणींची राखण शेवटी तिनेच केली. २८ डिसेंबर २०१६ रोजी त्या गेल्या, आपली लेक, अभिनेत्री कॅरी फिशर हिच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी.

हा चित्रपट कसा तयार झाला याचा बारीकसारीक शोध घेणारे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक २००९ साली कॅन्सस विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. मुखपृष्ठावर अर्ल हेस यांच्या शेजारी नाव आहे प्रतिभा दाभोळकर. ते आडनाव वाचून आम्ही क्षणभर थबकलो आणि मग हसलो. कुणाचे नाव कुठे भेटेल सांगता येत नाही. फक्त ते छापलेले असायला हवे.

घरातली नामावली

त्या रविवारपासून आमच्या घरात एक नवी खोड लागली आहे. चित्रपट संपला की कुणी टीव्ही लगेच बंद करत नाही. शेवटची नावे सरकत जातात, मुले मोठ्याने वाचतात. अर्धी चुकतात. चालते.

पण गोष्ट टीव्हीपुरती राहिली नाही. मागच्या महिन्यात घरात निकाह झाला. जेवण उत्तम झाले. पाहुणे अब्बांची तारीफ करू लागले तेव्हा अब्बा उठले, मागच्या अंगणात डेगांपाशी बसलेल्या बावर्चीला हात धरून बाहेर आणले आणि सगळ्यांसमोर त्याचे नाव घेतले. तो बिचारा कॅथीसारखा पळायच्या बेतात होता. नवरीच्या दुपट्ट्यावरची जरी कुणी भरली हे विचारणाऱ्यांना अम्मीने गल्लीतल्या त्या बाईचे नाव सांगितले, आणि त्या बाईला त्याच आठवड्यात तीन कामे मिळाली.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात, दुकानात, शाळेत कुणीतरी पडद्यामागे गात असते. भाषण एकाचे असते, लिहून दिलेले दुसऱ्याचे. सून हंडी शिजवते, नाव सासरच्या हाताच्या चवीचे होते. त्यांचे पैसे तर द्यायचेच, पण नावही त्यांचेच आहे. ते आपल्याकडे अमानत म्हणून असते.

परवा पुन्हा पाऊस लागला. दादीने पुतणीला हाक मारली आणि विचारले, "अगं, त्या गाणाऱ्या पोरीचे नाव काय म्हणालीस? ती खरी गाणारी."

"बेटी नॉइज."

"बेटी," दादी म्हणाली. "हां. लक्षात राहील असे नाव आहे."